गॅरेज म्हणजे गाडीची झोपायची खोली नव्हे

'गाडी गॅरेजला आहे' हे वाक्य मराठीत ऐकलं की आपण काय समजतो? गाडी बिघडली. बॉनेट उघडं आहे, खालून कुणाचे तरी पाय दिसताहेत, आणि 'संध्याकाळी सातला या' असं सांगितल्यामुळे आपण उद्या सकाळी जाणार आहोत. गाडी नुसती उभी करून ठेवायची खोली हा त्या शब्दाचा साहेबाच्या देशातला अर्थ. तो इकडे फारसा रुजला नाही, कारण गाडीसाठी वेगळी खोली बांधण्याइतकी जागा आपल्यापैकी होती कितीजणांकडे? आपण शब्द उसना आणला आणि लगेच कामाला लावला. मला हा आपला अर्थ मनापासून आवडतो. आजचं सगळं भांडण त्याच्यासाठीच आहे.

तर मंडळी, भांडण असं. चंदनसारला आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला एक शेड आहे. पन्नास फूट बाय पंचवीस फूट. इमारतीपासून सुटी, तीन बाजूंना विटांच्या भिंती, वर पत्रा, चौथ्या बाजूला दोन मोठी शटर्स. इमारत बांधताना बिल्डरचं सिमेंट आणि सळया तिथे असायच्या. मंजूर नकाशात ती सामाईक पार्किंग म्हणून दाखवली आहे आणि जागा सोसायटीच्या नावावर झाली आहे. आज तिथे सहा गाड्या, एक फुटका कमोड, गणपतीच्या मंडपाचे बांबू आणि कुणाच्या तरी लग्नातला थर्माकोलचा मोर आहे. सहा गाड्यांच्या मालकांकडे बिल्डरने दिलेली पत्रं आहेत, वर ठळक अक्षरात 'गॅरेज अलॉटमेंट'. बाकीच्या नव्वद फ्लॅटवाल्यांकडे काही नाही. आणि येत्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक सात आहे : 'शेडच्या नवीन वापराबाबत विचारविनिमय'.

विचारविनिमय आधीच सुरू झालाय, लिफ्टमध्ये. आत्तापर्यंत चार प्रस्ताव कानावर आले. सहा गाडीवाल्यांना मध्ये भिंती घालून सहा बंद खोल्या हव्यात, प्रत्येकाला वेगळं शटर, आत चार्जिंग पॉइंट. दुसरा गट म्हणतो कुरियरवाल्याला गोडाऊन म्हणून द्या, भाडं येईल. तिसऱ्या गटाला जिम किंवा 'को-वर्किंग स्पेस' हवी आहे. आणि चौथा प्रस्ताव, जो कुणी उघड मांडत नाही पण सगळ्यांना माहीत आहे, तो म्हणजे आत पोटमाळा टाकून खाली-वर खोल्या काढायच्या आणि भाड्याने द्यायच्या.

चौथ्याची वासलात आधी लावतो, कारण तो विनोदाचा विषय नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये विरार पूर्वेलाच विजयनगरला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला आणि सतरा माणसं गेली. इमारत अनधिकृत होती. आपल्या वसई-विरारमध्ये 'आत्ता टाकून घेऊ, परवानगीचं नंतर बघू' या एका वाक्यावर किती मजले उभे आहेत ते आपण स्टेशनला जाता-येता बघतो. त्या दुर्घटनेनंतर बेघर झालेल्या कुटुंबांना तात्पुरतं कुठे नेलं? चंदनसारच्या समाजमंदिरात. डोक्यावर छप्पर असलेली, मध्ये भिंती नसलेली, कुणाच्या एकट्याच्या मालकीची नसलेली एक मोठी जागा गावात होती म्हणून ते जमलं. सिमेंटच्या पोत्यांसाठी बांधलेल्या शेडमध्ये पोटमाळा टाकून त्यावर माणसं झोपवायची कल्पना यानंतरही ज्यांना सुचते त्यांच्याशी मी वाद घालणार नाही, थेट विरोधात मत देणार.

आता गाडीवाले. हे सगळे माझे मित्र आहेत, तीन तर माझ्यासारखेच आयटीवाले, तेव्हा जरा मोकळेपणाने बोलतो. तुमच्या गाड्या आठवड्यातले पाच दिवस हलत नाहीत. हलणार कशा? विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, आणि शहाणा माणूस ते अंतर लोकलनेच कापतो. सोमवारी सकाळी तुम्ही त्याच विरार फास्टला लटकलेले असता जिला मी लटकलेलो असतो. गाडी म्हणजे शनिवारी डीमार्ट, रविवारी अर्नाळा, आणि महिन्यातून एकदा सासुरवाडी. त्यासाठी साडेबाराशे चौरस फूट छप्पर? एका गाडीला उभं राहायला अडीच मीटर बाय पाच मीटर लागतं, आणि तेवढ्या मोकळ्या जागा कंपाउंडच्या भिंतीलगत आखलेल्या आहेत, रिकाम्या आहेत. मी स्वतः परवा पट्टी घेऊन मोजल्या.

'पण आमच्याकडे पत्र आहे!' आहे ना. त्या पत्राची किंमत काय ते बघू. ३१ ऑगस्ट २०१०ला सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्याचा निकाल दिला. सोसायटी दहिसरची, म्हणजे आपल्याच लाइनवरची! तिथल्या बिल्डरचं म्हणणं होतं की स्टिल्टखालची जागा म्हणजे गॅरेज, आणि महाराष्ट्राच्या १९६३च्या फ्लॅट मालकी कायद्यात 'फ्लॅट'च्या व्याख्येत गॅरेज येतं, म्हणून मी ती वेगळी विकू शकतो. न्यायालयाने सांगितलं, ते गॅरेज नव्हे, ती सामाईक जागा, बिल्डरला विकता येणार नाही. यावर आमचे एक अभ्यासू गाडीवाले २०१६चा रेरा कायदा काढतात. त्यात गॅरेजची व्याख्या आहे, छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा. 'बघा, आपल्या शेडला छप्पर आहे, तीन भिंती आहेत!' अहो, तीन भिंती आणि छप्पर तर बसस्टॉपलाही असतं. तुमच्या नोंदणीकृत करारात या गॅरेजचा उल्लेख आहे का? नाही. नकाशात ते सामाईक म्हणून दाखवलंय का? हो. मग बिल्डरने लेटरहेडवर जे लिहून दिलं ते त्याच्या मालकीचं होतं का, एवढंच विचारायचं. लेटरहेडवर तो जीवदानीचा डोंगरही लिहून देईल.

कुरियरवाल्यांचं आमिष जास्त फसवं आहे, कारण ते सगळ्यांना मिळाल्यासारखं दिसतं. समजा महिन्याला चोवीस हजार भाडं आलं. भागिले शहाण्णव फ्लॅट. अडीचशे रुपये. एका माणसाच्या पिझ्झ्याएवढ्या पैशासाठी सकाळी सहापासून गेटमध्ये टेम्पो, आणि मुलं जिथे क्रिकेट खेळतात तिथे रिव्हर्सची पिपाणी. जिमबद्दल लिहायची गरज नाही. आमच्या सोसायटीतल्या किती ट्रेडमिलवर कपडे वाळत घातलेले असतात हे सर्वांना ठाऊक आहे.

राहता राहिली को-वर्किंगवाली मंडळी. माझीच जातकुळी, म्हणून जास्त राग. यांचं म्हणणं असं की 'सगळ्या मोठ्या कंपन्या गॅरेजमधून सुरू झाल्या'. भिंतीवर तसं पोस्टर लावायचं, चार बीनबॅग टाकायच्या, वायफाय लावायचं, की झालं आमचं सिलिकॉन व्हॅली. ज्या गॅरेजची ही पुण्याई आहे ते नीट बघा ना एकदा. पालो आल्टोला ३६७ ऍडिसन ऍव्हेन्यू, ह्युलेट आणि पॅकार्डचं गॅरेज. १९३९ साली कंपनी तिथे सुरू झाली. १९८९मध्ये कॅलिफोर्निया राज्याने त्याला ऐतिहासिक स्थळ ठरवलं. आकार केवळ बारा फूट बाय अठरा फूट! आमच्या शेडमध्ये तशी पाच सहज बसतील आणि वर मोरालाही जागा उरेल. पण त्या दोनशे सोळा चौरस फुटांत काय होतं? सेकंडहँड ड्रिल प्रेस होती, सोल्डरिंग होतं. त्यांनी ऑडिओ ऑसिलेटर नावाची खरीखुरी वस्तू बनवली, आणि डिस्नेच्या स्टुडिओने त्यातली आठ नगं विकत घेतली. तो कारखाना होता हो! बीनबॅग नव्हती. ऍपलच्या गॅरेजबद्दल तर खुद्द वॉझ्नियाकने २०१४च्या एका मुलाखतीत सांगितलंय की ती बरीचशी दंतकथाच आहे, तिथे ना डिझाइन झालं ना उत्पादन. आपण मात्र त्या दंतकथेचीच फ्रेम करून लावणार.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे भाऊ रामूअण्णा यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईला, आज ज्याला आपण व्हीजेटीआय म्हणतो, तिथे शिकवत होते. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा विकायचे, लोकांना चालवायलाही शिकवायचे. पुढे नोकरी सोडून लक्ष्मणराव स्वतः बेळगावला गेले, चारा कापायची यंत्रं केली, लोखंडी नांगर केला. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी जमीन दिली, आणि १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. मराठी माणसाला 'गॅरेजमधून कंपनी' ही गोष्ट कॅलिफोर्नियाहून आयात करायची काहीच गरज नाही. आपल्याकडे ती ग्रीसच्या वासासकट उपलब्ध आहे.

हे मी इतकं चिडून का सांगतोय? आमच्या शहाण्णव फ्लॅटमध्ये, माझ्या मोजणीप्रमाणे, अकरा मुलं-मुली इंजिनिअरिंगला आहेत. त्यातल्या एकीने मागच्या महिन्यात माझ्याकडे येऊन विचारलं, 'दादा, मल्टिमीटर कुठला घेऊ?' आनंद झाला. मग कळलं की ती इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजात एका मल्टिमीटरमागे आठजण असतात, त्यात एकाने वाचायचं आणि सातांनी लिहून घ्यायचं. आणि त्याच वेळी आमच्या बी विंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, एक काका राहतात. गिरणीत फिटर होते. १९८२च्या संपात गिरणी सुटली. मग आयुष्यभर वसई पूर्वेच्या गाळ्यांमध्ये लेथ चालवली. कानशीने घासून लोखंडाची कड सरळ आहे का हे ते डोळ्यांनी नाही, अंगठ्याने सांगतात. आज दुपारभर गॅलरीत बसून येणारी-जाणारी माणसं मोजतात. काकूंच्या मते फार चिडचिड करतात. माझ्या मते त्यांचा मेमरी लीक नाही, त्यांच्या प्रोसेसला कुणी कामच देत नाहीये. (माफ करा, सवय.)

या दोघांच्या मध्ये फक्त एक जागा कमी आहे, आणि ती जागा मागच्या बाजूला गाड्यांखाली दबून पडली आहे. फ्लॅटमध्ये हे होत नाही. साडेचारशे फुटांच्या घरात ड्रिल चालवलं की खालचा वर येतो, ठोकाठोक केली की बायको वर येते, लोखंडाचा कीस गादीत जातो. त्याला फरशी खराब झाली तरी चालेल अशी जागा लागते.

तर माझा प्रस्ताव : शेडचं गॅरेज करा. आपल्या मराठी अर्थाने. एका भिंतीला लांबलचक लाकडी बाक, त्यावर दोन वाइस. पाने, पकडी, करवती, कानशी भिंतीवर टांगलेल्या, आणि प्रत्येक हत्याराच्या मागे भिंतीवर रंगाने त्याचा आकार काढलेला, म्हणजे काय परत आलं नाही ते लांबून दिसतं. सोल्डरिंगचं एक टेबल. आमच्या सोसायटीत किमान तीसेक ड्रिल मशीन असतील, आणि माझा अंदाज आहे की घर लावून झाल्यावर त्यातलं प्रत्येक वर्षात दहा मिनिटंही चालत नाही. त्यातली चार शेडमध्ये आणा, बाकीची पडू देत माळ्यावर. रविवारी दहा ते एक ज्याचा मिक्सर, पंखा, सायकल, इस्त्री बिघडली आहे त्याने खाली यावं, आणि स्वतः पान्याला हात लावावा. ही काही मी लावलेली टूम नाही. ऍमस्टरडॅमला २००९मध्ये लोकांनी असं 'रिपेअर कॅफे' सुरू केलं आणि ते जगभर पसरलं. आणि आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधी, १९८३ला, डॉ. कलबाग नावाचा शास्त्रज्ञ हिंदुस्तान लिव्हरची संशोधनाची नोकरी सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी जाऊन राहिला आणि त्याने विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेल्या मुलांना वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वीज असं हाताने करत शिकवायचं. २००२मध्ये एमआयटीच्या लोकांना अमेरिकेबाहेर फॅब लॅब काढायची होती तेव्हा पहिल्याच जागांमध्ये त्यांनी पाबळ निवडलं. कुठे मॅसॅच्युसेट्स आणि कुठे पाबळ! तिथे हात काळे करणारी माणसं आधीपासून होती, हे त्यामागचं कारण असणार.

आता अडचणी. न्यू जर्सीतल्या एका मित्राला शेडचा फोटो पाठवला तर त्याचा पहिला प्रश्न, 'हीटिंग आहे का रे?' त्यांच्याकडे म्हणे हिवाळ्यात गॅरेजमध्ये हात गोठतात. बाबा रे, मे महिन्यात दुपारी दोनला आमच्या पत्र्याखाली उभा राहून दाखव, मग हीटिंगचं बोलू. उन्हाळा हा आमचा खरा शत्रू आहे, पण त्यावर गाळेवाल्यांनी केव्हाच उपाय शोधलेत. पत्र्याला वरून पांढरा रंग द्यायचा, छतावर ते गरगर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर बसवायचे (वीज लागत नाही, गरम हवा स्वतःच फिरवते आणि बाहेर जाते), दोन्ही शटर्स उघडी ठेवायची आणि समोरच्या भिंतीत उंचावर जाळ्या काढायच्या. शिवाय दुपारी काम करायचंच कशाला? पावसाळ्यात हत्यारं गंजतात. त्याला तेलाचा फडका आणि कोपऱ्यात एक बंद कपाट. चार महिने तेलाचा फडका फिरवायचं काम कुणाला द्यायचं ते मी ठरवून ठेवलंय, गॅलरीत बसलेले असतात ते.

आवाज होईल. होईलच. ग्राइंडर सकाळी दहाच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर नाही. वेल्डिंग अजिबात नाही, कारण त्यासाठी महावितरणकडे लोड वाढवून मागावा लागला तर त्यात आमची एक पिढी जाईल. चौदा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबरच. आग विझवायचे दोन सिलिंडर, आणि पेट्रोल, रंग, थिनर आत ठेवायचं नाही. 'मुलाचं बोट कापलं तर?' असं एका काकूंनी विचारलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून मशीनची करवत मी यादीतूनच काढली. पण त्याच काकूंचा नातू सोळाव्या वर्षी महामार्गावर बाइक पळवतो, त्याबद्दल लिफ्टमध्ये कधी चर्चा ऐकली नाही. (आपल्याकडे महामार्गही ४८, नंबरप्लेटही एमएच ४८, आणि आरटीओ पण चंदनसारलाच! गाड्यांची सगळी सोय आहे बघा.)

परवानगीचा मुद्दा मात्र मी टाळणार नाही. नकाशात पार्किंग असलेल्या जागेचा वापर बदलायचा तर महापालिकेकडे रीतसर जावं लागेल, आर्किटेक्ट लागेल, सभेचा ठराव लागेल. वेळ जाईल. जाऊ दे. जोवर कागद येत नाही तोवर भिंत नाही, पोटमाळा नाही, नवीन वायरिंग नाही. मध्यंतरी फक्त रविवारी सकाळी चाकांवरचं एक टेबल, एक ट्रॉली आणि झाडाखालची सावली वापरायची. कुणाची गाडीही हलवायची गरज नाही. सहा खोल्यांच्या भिंतींनाही हीच परवानगी लागणार आहे, हे गाडीवाल्यांच्या पत्रकात कुठे दिसलं नाही.

आणि खरं सांगू का, भिंती हाच माझा मुख्य आक्षेप आहे. शेड मोकळी आहे तोवर आज गॅरेज, गणपतीत मंडपाचं सामान, परीक्षेच्या दिवसांत रात्री अभ्यासिका, २०१८च्या जुलैसारखं पाणी भरलं तर तळमजल्यावाल्यांचे गाद्या-गोदरेज ठेवायची जागा, असं काहीही होऊ शकतं. एकदा सहा शटर्स पडली की ती उघडायला सहा जणांची सही लागेल, आणि सोसायटीत सहा सह्या एका कागदावर आणणं काय असतं ते सेक्रेटरींना विचारा. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही असले निर्णय शेवटपर्यंत लांबणीवर टाकतो. काँक्रीटमध्ये लोक ते सगळ्यात आधी घेतात.

विरारकरांना तर हे समजायला काहीच हरकत नाही. आपली लोकल रात्री कारशेडला जाते ती झोपायला जात नाही. तिथे तिचे ब्रेक बघतात, तिचे दरवाजे-पंखे बघतात, म्हणून पहाटे ती आपल्याला घेऊन निघते. शेडमध्ये गेलेली वस्तू दुरुस्त होऊन बाहेर यावी ही अपेक्षा आपण रेल्वेकडून करतो, फक्त स्वतःच्या कंपाउंडमध्ये करत नाही.

असो. सभा पुढच्या रविवारी सकाळी अकराला आहे. सोसायटीला हॉल नसल्यामुळे दरवर्षीप्रमाणे ती शेडमध्येच होईल, आणि त्यासाठी सहाही गाड्या दरवर्षीप्रमाणे चार तास बाहेर भिंतीलगत उभ्या राहतील. ज्यांना माझा प्रस्ताव पटतोय त्यांनी साडेदहाला बी विंगखाली या. काकांची वाइस तिसऱ्या मजल्यावरून उतरवायची आहे, ती लिफ्टमध्ये घालायला वॉचमन तयार नाही, आणि ती दोघांना उचलत नाही हे मी नि ते काल करून बघितलंय. निदान चारजण हवेत.